यिर्मयाला उलट उत्तर देणाऱ्या बायका

बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या माणसाच्या, पुस्तकातला ४४वा अध्याय वाचायला घेतला की मी दरवेळी तिथेच अडकून पडते. यरुशलेम पडलेलं आहे, इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजा नबुखद्नेस्सरच्या सैन्याने देवळासकट सगळं शहर जाळून टाकलंय, आणि जीव घेऊन इजिप्तला पळून आलेल्या लोकांसमोर म्हातारा यिर्मया उभा आहे आणि सांगतोय की हे जे झालं ना ते तुमच्याच पापाने झालं, तुम्ही दुसऱ्या देवांना धूप जाळलात म्हणून झालं. आणि समोरच्या बायका गप्प बसत नाहीत. त्या आणि त्यांचे नवरे त्याला तोंडावर सांगतात की आम्ही तुझं ऐकणार नाही, आम्ही स्वर्गाच्या राणीला धूप जाळणारच, आमचे बापजादे जाळत होते, आमचे राजे जाळत होते, यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमच्या राज्याच्या, गावांत आणि यरुशलेमच्या गल्ल्यांत हे चालू होतं तेव्हा पोटभर खायला होतं, सगळं बरं चाललं होतं, आणि ज्या दिवसापासून तिचा धूप बंद केला त्या दिवसापासून आमच्यामागे तलवार आणि उपासमार लागली. वर हेही विचारतात की तिच्यासाठी आम्ही तिच्या रूपाच्या पोळ्या करत होतो, त्या काय नवऱ्यांना चोरून करत होतो?

हरलेल्या बाजूचं म्हणणं बायबलमध्ये इतकं मोकळेपणाने फार थोड्या ठिकाणी ऐकू येतं. आणि त्यांचा मुद्दा खोडायला सोपा नाही. एकच घटना, शहर जळाल्याची, आणि तिची दोन कारणं, दोन्ही मनापासून सांगितलेली. ही राणी कोण होती, अष्टार्ते की अशेरा की बाबेलकडची इश्तार, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तिची पूजा कशी होत होती ते यिर्मयानेच ७व्या अध्यायात सांगून ठेवलंय: पोरं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात. त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं, मला मात्र त्यात एक अख्खं घर दिसतं, कामाला लागलेलं, सणाच्या आदल्या दिवसासारखं गजबजलेलं.

प्राचीन इस्रायलचा धर्म समजून घ्यायचा तर मोशेला जिथे देवाच्या आज्ञा मिळाल्या असं मानतात त्या सीनाय डोंगराच्या आधी या घराकडे बघायला हवं असं मला वाटतं. कारण पुढे याच घराने तो धर्म वाचवला.

आता जरा मागे जाऊ. इस्रायल हे नाव दगडावर कोरलेलं पहिल्यांदा सापडतं ते इजिप्तमध्ये, फारो मर्नेप्ताहच्या विजयस्तंभावर, साधारण इ.स.पू. १२०८ चा, फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ मध्ये थीब्जला मिळालेला. त्यावर लिहिलंय की इस्रायल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. म्हणजे या लोकांचा पहिला उल्लेखच ते संपल्याची बातमी देणारा आहे. याच सुमाराला मृत समुद्राच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात छोटी छोटी खेडी उगवायला लागली, तटबंदी नाही, राजवाडा नाही, कुठे देऊळ म्हणावं असं बांधकामही नाही, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, धान्याचे मोठे रांजण, आणि डुकराची हाडं जवळपास नाहीतच. या लोकांची भांडी, भाषा, लिपी सगळं आसपासच्या कनानी लोकांसारखंच आहे, त्यामुळे आज बहुतेक पुरातत्त्वज्ञ म्हणतात की हे लोक मोठ्या संख्येने बाहेरून जिंकत आलेले नव्हते, त्यातले बरेचसे तिथलेच होते, मोठी नगरं कोसळल्यावर डोंगरात जाऊन वसलेले शेतकरी आणि मेंढपाळ.

आणि देवही तिथलेच. १९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर एका जुन्या थडग्याच्या दगडावर आपटला आणि त्यातून उगारित नावाचं शहर बाहेर आलं, इ.स.पू. १२०० नंतर लवकरच उद्ध्वस्त झालेलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर कनानी देवांच्या गोष्टी निघाल्या. एल नावाचा म्हातारा शहाणा बापदेव, त्याची बायको अथिरात, म्हणजे बायबलमधली अशेरा, तिची ७० मुलं, आणि ढगांवर स्वार होणारा, गडगडाट करणारा, समुद्राला हरवणारा तरुण बआल. हे वाचून मग बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली तर अंगावर काटा येतो, कारण तिथेही देव ढगांवर स्वार होतो, समुद्राला आवरतो, लिव्याथान नावाच्या अनेक तोंडांच्या सापाची डोकी ठेचतो, आणि ८२व्या स्तोत्रात तर सरळ देवांच्या सभेत उभा राहून बाकीच्या देवांना झापतो. इस्रायल या नावात शेवटी एल आहे, याहवे नाही, जे बायबलमध्ये इस्रायलच्या देवाचं नाव आहे.

मग याहवे कुठून आला? बायबलमधल्या ज्या कविता फार जुन्या समजल्या जातात त्यांतल्या बऱ्याच एकाच दिशेला बोट दाखवतात, दक्षिणेला. तो सेईरहून निघाला, एदोमच्या रानातून चालत आला, तेमानहून आला, पारानच्या डोंगरावरून प्रकटला. आणि सुदानमध्ये सोलेबला फारो तिसऱ्या अमेनहोतेपच्या देवळात, म्हणजे इ.स.पू. १४व्या शतकात, शासू नावाच्या भटक्या टोळ्यांच्या प्रदेशांची नावं कोरलीयत त्यात एक नाव याहवेच्या नावाशी जुळतं. मोशेचा सासरा इथ्रो मिद्यानचा पुजारी होता हेही बायबलच सांगतं, आणि मिद्यान म्हणजे तोच दक्षिणेकडचा वाळवंटी पट्टा. दक्षिणेच्या रानातला हा वादळी देव व्यापारी आणि मेंढपाळांबरोबर डोंगरातल्या त्या खेड्यांपर्यंत पोचला आणि हळूहळू म्हाताऱ्या एलमध्ये मिसळून गेला, मला तरी हे चित्र सगळ्यात पटतं.

मिसळताना एलची बायको त्याच्याकडे आली असं दिसतं. सीनायच्या उत्तर भागात कुंतिल्लेत अजरूद नावाची एक आडबाजूची जागा आहे, तिथे १९७५-७६ मध्ये झएव्ह मेशेल यांच्या टीमला इ.स.पू. ८०० च्या आसपासचे मोठाले रांजण सापडले आणि त्यांच्यावर शाईने लिहिलेलं की शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा तुमचं भलं करो, आणि दुसरीकडे तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा. आपल्याकडे जेजुरीचा खंडोबा आणि पालीचा खंडोबा म्हणतात तसाच हा शोमरोनचा, म्हणजे उत्तरेच्या राज्याच्या राजधानीचा, याहवे आणि दक्षिणेकडच्या तेमानचा याहवे. अशेरा म्हणजे इथे देवी की देवीचा लाकडी खांब यावर अभ्यासक अजूनही भांडतात. खांब असला तरी तो कोणाचा होता हा प्रश्न उरतोच. यरुशलेममधल्या आणि आसपासच्या घरांतून मातीच्या बायकांच्या लहान मूर्ती शेकड्यांनी निघाल्यात, खालचा भाग खांबासारखा, दोन्ही हात छातीशी, या इ.स.पू. ८व्या-७व्या शतकातल्या, म्हणजे यशया संदेष्टा जेव्हा भाषणं करत होता त्याच शहरातल्या. त्या कोण आहेत हे कुठेही लिहिलेलं नाही. पण घराघरात होत्या, तुटलेल्या सापडतात, वापरलेल्या सापडतात.

दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटातल्या अरादच्या किल्ल्यात याहवेचं एक छोटं देऊळच होतं. त्याच्या गाभाऱ्याच्या दाराशी दोन चुनखडी वेद्या होत्या आणि त्यांच्यावरचा काळा थर २०२० मध्ये तपासला तेव्हा मोठीवर ऊद निघाला आणि लहानीवर चक्क गांजा, शेणात मिसळून जाळलेला. धूपाचा वास आणि त्या धुराने डोकं जड झालेले पुजारी, हा धर्म पुस्तकातल्यापेक्षा किती जिवंत होता!

आणि मग साफसफाई सुरू झाली.

यहूदाच्या हिज्किया राजाने देवळातला पितळी साप फोडला, मोशेने केला असं मानलं जाणारा, लोक त्याला धूप जाळत होते. त्याच्यानंतर काही दशकांनी, इ.स.पू. ६२२ मध्ये, योशिया राजाच्या काळात देवळाची डागडुजी चालू असताना महायाजक हिल्कियाला एक गुंडाळी सापडली. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती म्हणजे आजच्या बायबलमधल्या अनुवाद (डिटरॉनॉमी) नावाच्या पुस्तकाचा गाभा. राजाने ती खरी की खोटी हे विचारायला माणसं पाठवली ती एका बाईकडे, हुल्दा नावाच्या संदेष्टीकडे. तिने खरी म्हटलं आणि मग राजाने देवळातली अशेरा बाहेर काढून किद्रोनच्या ओढ्यापाशी जाळली, तिची राख केली, देवळाच्या आवारात जिथे बायका अशेरासाठी कापड विणत बसायच्या त्या खोल्या पाडल्या, गावोगावची उंच स्थानं, म्हणजे टेकड्यांवरची पूजेची ठिकाणं, उद्ध्वस्त केली. देव एक, देऊळ एक, तेही फक्त यरुशलेमला. एका बाईच्या शब्दावर उभी राहिलेली सुधारणा विणणाऱ्या बायकांच्या अंगावर कोसळली, हे मला नीट गिळता येत नाही, कितीदा वाचलं तरी.

योशियाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. अश्शूरने (असीरियाने) इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचं इस्रायलचं राज्य पुसून टाकलं होतं, त्या धक्क्यातून वाचलेल्या छोट्या यहूदाला एकत्र बांधायचं होतं. पण विचार करा, गावातल्या माणसाचं वेशीजवळचं पवित्र ठिकाण गेलं, घरातली देवी गेली, आणि सगळी भक्ती एका इमारतीत नेऊन ठेवली. योशिया स्वतः इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला फारो नखोच्या हातून मारला गेला, आणि पुढे २५ वर्षांच्या आत ती इमारतही जळाली. म्हणून त्या बायका यिर्मयाला म्हणतात ना, बंद केलं तेव्हापासून वाईट दिवस आले. त्यांच्या आठवणीत हा क्रम अगदी बरोबर होता.

जगातला कुठलाही दुसरा देव अशा पराभवानंतर संपला असता. मवाबच्या राजा मेशाचा शिलालेख आहे, इ.स.पू. ८४० च्या आसपासचा, तो त्याच्या कमोश देवाबद्दल अगदी बायबलच्याच भाषेत बोलतो, देव आपल्या भूमीवर रागावला होता म्हणून शत्रू आले, मग देव प्रसन्न झाला, मग आम्ही जिंकलो. इतकी सारखी विचारसरणी असून आज कमोशचा एकही भक्त नाही. मवाब गेला, कमोश गेला. याहवे मात्र राहिला, आणि नुसता राहिला नाही तर त्याच्या लोकांना धरून बाबेलला नेल्यावर, तिथल्या कालव्यांकाठी, देवळाशिवाय, राजाशिवाय राहताना त्याच्याबद्दल पहिल्यांदा ठामपणे म्हटलं गेलं की दुसरा देवच नाही. यशयाच्या पुस्तकातला ४०व्या अध्यायापासून पुढचा आवाज हे पुन्हा पुन्हा म्हणतो, मीच पहिला आणि मीच शेवटचा. आणि इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकणाऱ्या इराणच्या कोरेशला (सायरसला), परधर्मी राजाला, याहवेचा अभिषिक्त म्हणायची हिंमतही हाच आवाज करतो. जिंकणाऱ्यांनी आपला देव सगळ्यात मोठा म्हणणं हे रोजचंच, पण सगळं गमावलेल्या माणसांनी आपला देव अख्ख्या जगाचा एकटा धनी आहे असं म्हणावं यात जी हिंमत आहे तिच्यापुढे मी खरंच नतमस्तक आहे.

पण हिंमत काय रोज सकाळी उठून पाळता येत नाही. पाळायला काहीतरी लागतं. देऊळ नाही म्हणजे बळी नाही, बळी नाही म्हणजे पुजाऱ्यांचं काम नाही, मग उरलं काय? आठवड्यातला एक दिवस. काय खायचं आणि काय नाही. आठव्या दिवशी मुलाची सुंता. वर्षातून एकदा वल्हांडणाची रात्र आणि पोरांना सांगायची गोष्ट की आपण इजिप्तमध्ये गुलाम होतो. या चालींची मुळं जुनी आहेत, पण आता सगळा भार त्यांच्यावर आला. आणि हे सगळं कुठे घडतं? घरात. चुलीपाशी. त्याच पोरांच्या, बापांच्या, कणीक मळणाऱ्या बायकांच्या घरात, जिथून राणीला हाकललं होतं. राणी परत आली नाही, ते दुःख आहेच, पण धर्म तिच्याच घरी राहायला आला.

याची एक चांदीची खूण आहे. यरुशलेमच्या नैऋत्येला केतेफ हिन्नोम इथल्या गुहेतल्या थडग्यात १९७९ मध्ये गॅब्रिएल बारकाय यांना दोन बारक्या चांदीच्या गुंडाळ्या सापडल्या, गळ्यात ताईत म्हणून घालायच्या, देऊळ पडण्याच्या सुमाराच्या. उलगडल्यावर त्यात बारीक अक्षरात आशीर्वाद निघाला, परमेश्वर तुझं भलं करो, तुझं रक्षण करो, आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो. जवळपास हाच आशीर्वाद गणनेच्या पुस्तकात आहे आणि आजही म्हटला जातो, आणि मृत समुद्राजवळच्या गुहांतून मिळालेल्या बायबलच्या जुन्या गुंडाळ्यांपेक्षा हे ताईत काहीशे वर्षं जुने आहेत. बायबलमधल्या मजकुराची सापडलेली सगळ्यात जुनी प्रत कुणाच्यातरी गळ्यात होती, देवळाच्या कपाटात नव्हती.

आणि सगळ्यांनी काही बाबेलला नेलेल्या लोकांचं ऐकलं नाही. नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर, आजच्या अस्वानजवळ, इराणी राजवटीत नोकरी करणाऱ्या यहुदी सैनिकांची वस्ती होती, त्यांचं स्वतःचं याहोचं, म्हणजे याहवेचंच, देऊळ होतं, यरुशलेमबाहेर देऊळ नको हा नियम एकतर त्यांना माहीत नव्हता किंवा त्यांनी मनावर घेतला नव्हता. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी ते पाडायला लावलं, आणि तीन वर्षांनी यांनी यहूदाच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं की आम्ही बायकापोरांसकट गोणपाट नेसून उपास करतोय, आमचं देऊळ बांधू द्या. त्यांच्या वर्गणीची यादीही पपायरसवर टिकलीय, माणशी दोन शेकेल चांदी, याहोसाठी म्हणून गोळा केलेली, आणि शेवटी हिशेबात याहोबरोबर अनातबेथेल नावाच्या देवीचाही वाटा. यादीत बायकांची नावं भरपूर आहेत, सुरुवातच मशुल्लेमेत नावाच्या बाईपासून होते. यिर्मयाला उत्तर देणाऱ्यांच्या या नाती-पणत्या नसतीलही, पण मला त्या नात्यातल्याच वाटतात.

या धर्माचा जगावर परिणाम काय हे सांगायला बसलं तर ख्रिस्ती धर्म आणि इस्लाम या दोघांचा सगळा इतिहास सांगावा लागेल, तो मी सांगत बसत नाही. मला दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे राजाला तोंडावर चूक म्हणायची परंपरा. नाथान दावीद राजाला सांगतो की तो गुन्हेगार तूच आहेस, आमोस नावाचा तकोवाचा मेंढपाळ श्रीमंतांना सांगतो की तुम्ही गरिबाला वहाणांच्या जोडासाठी विकता. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्याय पाण्यासारखा वाहू दे हे आमोसचंच वाक्य उचललं.

दुसरी गोष्ट सुट्टी. अनुवाद या पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीची, आज्ञा देताना कारण दिलंय की तुझ्यासारखीच तुझ्या दासदासींनाही विश्रांती मिळावी, तूही इजिप्तमध्ये दास होतास हे विसरू नकोस, आणि बैलालाही त्या दिवशी जुंपायचं नाही. कामकऱ्याचा हक्क म्हणून ठरलेल्या दिवशी विश्रांती, देवाच्या हुकमाने. तो शनिवार पुढे ख्रिस्ती जगात रविवार झाला आणि गोऱ्यांच्या कचेऱ्यांबरोबर मुंबईत आला, पण गिरणीत तो नव्हता. गिरणी कामगारांसाठी तो मिळवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी, १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि त्या मागणीमागे रविवार हा खंडोबाचा वार हेही कारण होतं. मला या साखळीचं फार अप्रूप वाटतं. इजिप्तमधल्या दासांची आठवण परळ-लालबागच्या खोल्यांपर्यंत आली आणि इथे तिला खंडोबा भेटला.

आणि शनिवार? तो तर कोकणात त्याच्याही कितीतरी आधीपासून होता. कुलाबा जिल्ह्यात, आताच्या रायगडात, तेलाचा घाणा चालवणारे लोक होते जे शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. ते कधी आले यावर वाद आहेत, पण बाहेरच्या लोकांशी त्यांची गाठ पडली तेव्हा त्यांच्याकडे काय होतं हे नोंदलेलं आहे: शनिवार, आठव्या दिवसाची सुंता, खवले नसलेला मासा न खाणं, आणि शेमा, म्हणजे हे इस्रायला ऐक, परमेश्वर एकच आहे, ही हिब्रू ओळ, जी ते जन्म, लग्न, मरण सगळ्याला म्हणत. ग्रंथ नाही, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, सभागृह म्हणजे प्रार्थनेचं सिनेगॉग नाही. हिब्रू त्यांना पुढे कोचीनच्या यहुद्यांनी आणि मिशनऱ्यांनी शिकवली, जॉन विल्सन यांनी तर मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. मुंबईतलं त्यांचं पहिलं सभागृह १७९६ चं, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेलं.

म्हणजे बाबेलमध्ये जे घडलं असं आपण पुस्तकांतून ताडतो ते इथे डोळ्यासमोर होतं. शतकानुशतकं एक धर्म नुसत्या घरांवर चालला, दिवेकर, किहीमकर, पेणकर, नवगावकर यांच्या घरांवर, मराठी बोलणाऱ्या, पाटल्या-लुगड्यातल्या बायकांच्या हातांवर. सणांना त्यांनी मराठी नावं दिली, नव्याचा सण, खिरीचा सण. आणि यरुशलेमचं देऊळ पडलं त्या दिवसाचा जो उपास जगभरचे ज्यू धरतात, त्याला कोकणात बिरड्याचा रोजा म्हणत. तो येतो आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, रायगडात घरोघरी वाल भिजत पडलेले असतात तेव्हा. नबुखद्नेस्सरने लावलेल्या आगीची आठवण आणि मोड आलेले, सोललेले वाल.

मलिदा या त्यांच्या घरगुती विधीत तर देवीच्या शत्रूलाच घरी जेवायला बोलावलंय. एलिया संदेष्टा, बेने इस्रायल त्याला एलियाहू हनाबी म्हणतात, बायबलमध्ये कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांना एकटा भिडणारा, अशेराच्या संदेष्ट्यांनाही आव्हान देणारा, जुन्या करारातला बहुधा सगळ्यात तिखट माणूस. आणि त्याच्यासाठी कोकणातल्या घरात काय मांडतात? भिजवलेले पोहे, गूळ-साखर, खवलेला ओला नारळ, फळं, सुगंधी फुलं, एका ताटात. नवस फेडायला, लग्नाआधी, नवं घर घेतलं की, परदेशी निघताना. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकात त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात आणि तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या दिवशी तिथे जत्रेसारखी माणसं जमतात. त्याचा रथ कोकणातून आभाळात गेला ही त्यांची श्रद्धा. इस्रायलला गेलेल्या कुटुंबांतही मलिदा होतो, पोहे शोधून आणून.

पोळ्यांच्या जागी पोहे आले, राणीच्या जागी तिच्या विरोधकाचं नाव आलं, पण ताट मांडणारे हात आणि मागणं तेच राहिलं: पोटाला अन्न असू दे, घरातली माणसं सुखरूप परत येऊ देत. यिर्मयासमोर उभ्या राहिलेल्या बायकांनीही एवढंच मागितलं होतं.